खुर्चीचा झुला

टाचणीच्या बाबांची वाचा गेली तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाईट वाटलं, आणि उरलेल्या निम्म्यांना आधी हायसं वाटलं, मग वाईट वाटलं. माणूस कामाला सोनं, पण तोंडानं भलता फटकळ. मोडकी खुर्ची घेऊन कोणी दुकानाच्या दारात उभं राहिलं की खुर्ची उलटी करायच्या आधी हे त्या माणसाचीच उलटतपासणी घ्यायचे. "हिच्यात बसत होता की हिच्यावर उड्या मारत होता?" गिऱ्हाईक बिचारं ओशाळं हसायचं. पण खुर्ची परत न्यायला आलं की ती अशी अलगद झुलायची की पुढच्या खेपेला बोलणी खायला तोच माणूस आनंदानं हजर व्हायचा.

दुकान म्हणजे घराचाच पुढचा भाग, मागे राहायच्या दोन खोल्या. गादी आणि कापड चढवलेल्या सगळ्या खुर्च्या तिथे यायच्या, पण दुकानाचं नाव होतं ते झुलत्या खुर्च्यांसाठी. अशा खुर्चीच्या बैठकीखाली दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या असतात. बैठक त्या पट्ट्यांना टांगलेली असते, म्हणून तर ती पुढे-मागे सरकते. या सगळ्या प्रकरणाला दुकानात 'झुला' म्हणायचे. झुला झिजला की खुर्ची आधी कण्हते, मग एका अंगाला कलते आणि शेवटी हटून बसते. मग जुना झुला काढून नवा बसवायचा.

काम तसं सोपं. गोम आहे ती पट्ट्यांच्या सांध्यांवरच्या नटांत. जास्त आवळले तर खुर्ची हलत नाही, कमी आवळले तर डगडगते. नट आवळणारा खुर्चीखाली आडवा पडलेला, त्याला वरचं काही दिसत नाही. म्हणून दुसऱ्यानं वरून बैठकीवर तळवा दाबून धरायचा. पट्टी किती ढिली आहे ते हाताला बरोबर कळतं. नेमक्या क्षणी त्यानं म्हणायचं, "बस."

बस म्हणजे पुरे. हात थांबव. त्या दुकानात या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता, कारण दुकानात बसायचं कोणी नाही हा बाबांचा दंडक. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात जेवणं, असं ते म्हणायचे. खुर्चीची परीक्षासुद्धा तिच्यात वाळूचं पोतं ठेवून व्हायची. कोणी आलं-गेलं तर "टेका जरा" म्हणायचे, "बसा" कधीच नाही. टाचणी आणि तिचा दादा, दोघांचं लहानपण त्या खुर्च्यांखाली गेलं. हातात पाना, वर बैठकीवर बाबांचा तळवा आणि कानात त्यांचा "बस". पुढे तो शब्द दुकानातून घरात शिरला. ताटात वाढताना बस, दिव्याची वात कमी करताना बस, भावंडांची मारामारी सोडवताना बस, फक्त तो जरा चढ्या आवाजात.

टाचणी हे नावही बाबांनीच पाडलेलं. लहानपणी ती जमिनीवर सांडलेल्या टाचण्या आणि बारीक खिळे वेचत हिंडायची. आता ती चाळिशी ओलांडलेली बाई होती, कापड ताणून चढवण्यात बाबांच्याही पुढे गेली होती, पण नाव काही सुटलं नाही. लग्न तिनं केलं नाही. का, म्हणून विचारणाऱ्यांना बाबांनीच इतकं झापलं होतं की तिला स्वतः उत्तर द्यायची वेळच आली नाही.

दादानं मात्र हा धंदा सोडला. लांबच्या गावी एका कारखान्यात नोकरी धरली. तो निघाला त्या दिवशी बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि बाबांनी त्याचा शेवट एका शब्दात केला. "बस!" दादानं पिशवी उचलली. त्यानंतर तो यायचा तो पाहुण्यासारखा, आणि दोघं बोलायचे ते हवापाण्याबद्दल.

आणि मग एके सकाळी बाबा पाना हातात घेऊन उभे होते ते तसेच खाली कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा दोन शब्द तेवढे शिल्लक होते. एक "हा", आणि दुसरा "बस". डॉक्टर म्हणाले, "काहींचे असे एखाद-दोन शब्द राहतात. तेच का राहतात, ते आम्हालाही सांगता येत नाही."

टाचणीला मात्र त्याचं नवल वाटलं नाही. जन्मभर वापरलेली वस्तू हाताशी राहते, तसा तो शब्द राहिला असं तिनं धरलं. उलट तिला जरा अभिमानच वाटायचा, की घरात एकटीला बाबांचं कळतं. ती घास भरवायची. दोन-चार घास झाले की बाबा डावा तळवा गादीवर दाबायचे आणि म्हणायचे, "बस." ती ताट उचलायची. पाय चेपायची, "बस" म्हणाले की हात आवरायची. वर्तमानपत्र वाचून दाखवायची, "बस" म्हणाले की घडी घालून ठेवायची. तळवाही तसाच, शब्दही तोच. आणखी काय समजून घ्यायचं?

तरी मनात एक सल होता. बाबा दिवसेंदिवस खंगत चालले होते आणि त्यांचं "बस" दिवसेंदिवस लवकर येत होतं. कधीकधी तर ती खोलीत पाऊल टाकते न टाकते तोच. आपण त्यांना नकोशा झालो, असं तिला वाटायला लागलं. आयुष्यभर कोणाचं काही घेतलं नाही अशा माणसाला लेकीच्या हातून घास घ्यायची लाज वाटत असेल. मग ती त्यांच्या डोळ्यांपुढून दूर व्हायची. दिवसा त्यांच्याजवळ राहायला एक मावशी ठेवली होती. नात्यातली नव्हे, गल्लीतलीच. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. तिच्यावर बाबांना सोपवून टाचणी दुकानात कामाला लागायची.

दादा भेटायला आला होता तेव्हाही तसंच झालं. खांद्यावरची पिशवी न उतरवता तो खोलीच्या उंबऱ्यावर उभा राहिला. बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तळवा गादीवर दाबला. "बस." दादाचा चेहरा उतरला. बाबांनी मान उचलायचा प्रयत्न केला, कपाळाची शीर तटतटली, आणि सगळा जीव एकवटून पुन्हा म्हणाले, "बस!"

दादानं काढता पाय घेतला. पाण्याचा पेला तिनं पुढे केला तोही त्यानं घेतला नाही. "राग गेलेला नाही गं अजून," एवढंच म्हणाला आणि आल्या पावली परत फिरला. टाचणीनं त्याला अडवलं नाही. तिलाही तेच ऐकू आलं होतं.

पुढे बाबांना आडवं झालं की दम लागायला लागला. छातीत पाणी साठतंय, त्यांना बसतं ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. उशांच्या टेकणीवरून ते घसरायचे. तेव्हा टाचणीला आईच्या खुर्चीची आठवण झाली. मागच्या खोलीत ती होती, पण तिच्यावर वर्षानुवर्षं धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडायचा, त्यामुळे खाली खुर्ची आहे हेच सगळे विसरले होते. दोन्ही पोरांना मांडीवर घेऊन आई तिच्यात झुलली होती. आई गेली तेव्हाच झुला अडला, आणि सगळ्या गावाच्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या बाबांनी तिला कधी हात लावला नाही.

बाबा फार दिवसांचे सोबती नाहीत, हे टाचणीला कोणी सांगायला नको होतं. ते जायच्या आत ही खुर्ची झुलली पाहिजे, एवढंच तिनं मनाशी धरलं. जवळ बसलेलं त्यांना चालत नाही, तर नसू दे. हातानं काही करता येतंय, ते तरी करू.

तिनं खुर्ची दुकानात आणून जाड सतरंजीवर उलटी केली. तळाचं काळं कापड उचकटलं. जुन्या झुल्याच्या एका पट्टीला तडा गेलेला, सांध्यातल्या बेअरिंगचा भुगा झालेला. गंजलेले बोल्ट तेल पाजून पाजून कसेबसे फिरले. नवा झुला आला, पण त्याची भोकं जुन्या भोकांच्या बोटभर पुढे. तसाच बसवला असता तर माणूस पाठीवर आपटला असता. तिनं जुनी भोकं लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवली, सरस वाळू दिला आणि नव्यानं भोकं पाडली. मध्येच आतून बाबांचा आवाज यायचा, "बस," आणि पाठोपाठ मावशीचं पुटपुटणं. टाचणी खाली मान घालून कानस चालवत राहायची.

राहता राहिले नट. खुर्ची सरळ करून ती खाली शिरली, पण वर तळवा ठेवायला कोणी नव्हतं. नट आवळायचा, सरपटत बाहेर यायचं, बैठक दाबून बघायची, पुन्हा आत. चार खेपांत तिची कंबर धरली. शेवटी तिनं हाक मारली.

"मावशी! बाबा झोपलेत ना? जरा इकडे ये. इथे उभी राहा आणि हात ठेव."

मावशी पदराला हात पुसत आली. टाचणीनं खालून पाना फिरवला आणि विचारलं, "आता कसं? बस?"

आणि मावशी बसली. चांगली ऐसपैस, सगळा भार टाकून. बैठक झपकन मागे गेली आणि टाचणीचं बोट दोन पट्ट्यांत चिमटलं.

"अगं आई गं! उठ, उठ! बसलीस काय?"

"तूच म्हणालीस, बस," मावशी धडपडत उठली. "लागलं का गं? बघू."

"बस म्हणजे पुरे का, असं विचारलं मी!" टाचणी बोट तोंडात घालून खालूनच ओरडली.

"आता मला काय ठाऊक तुमच्या दुकानाची बोली! चारचौघांत बस म्हटलं की माणूस बसतो. आणि तुझे बाबासुद्धा दिवसभर हेच की. बस, बस. मी उभी दिसले की झालं सुरू. हात आपटून जागा दाखवतात. मग मी बसते बापडी पलंगावर, त्यांच्या कुशीशी. बसलं की कसे शांत होतात. वाटीभर पेजही पितात निमूटपणे. तुझ्या हातून का खात नाहीत, मला कोडंच आहे. तू उभ्यानं भरवतेस म्हणून असेल."

खुर्चीखालून पाना जमिनीवर पडल्याचा आवाज आला. मावशीला वाटलं बोट जास्तच चेचलं.

टाचणी पाठीवर पडून वरच्या लोखंडाकडे बघत होती. एकेक आठवत होतं आणि नको नको होत होतं. दोन घासांनंतर उचललेलं ताट. अर्धवट चेपलेले पाय. घडी घातलेलं वर्तमानपत्र. ती बाहेर निघाली की बाबा पाठीमागून आणखी एकदा म्हणायचे, "बस," आणि ती मनात म्हणायची, हो बाबा, जातेय ना. माणूस आपल्याला जवळ बोलवत होता, आणि आपण प्रत्येक हाकेला उठून जात होतो. तो वाळत गेला. आणि दादा. उंबऱ्यावर उभा असलेला दादा.

ती बाहेर आली, हाताचं तेलसुद्धा न पुसता आत गेली आणि पलंगावर बाबांच्या कुशीला टेकून बसली. बाबांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, आपल्या तळव्याकडे पाहिलं, पण तळवा उचलला नाही आणि बोललेही नाहीत. फक्त सरकता येईल तेवढं सरकून तिला जागा करून दिली. मग मात्र टाचणीला रडू आवरलं नाही.

दुपारी तिनं दादाला फोन लावला. मागे यंत्रांचा खडखडाट चालू होता.

"दादा, त्या दिवशी बाबा तुला बस म्हणाले ना..."

"माहितेय मला. कशाला उकरून काढतेस?"

"तसं नाही रे. बस म्हणजे पुरे नाही. बस म्हणजे... अरे, बस म्हणजे बस!"

"कळलं, कळलं! बस म्हणजे बस. मी परत येणार नाही, सांग त्यांना."

"दादा, ऐक..."

फोन बंद झाला होता. तिनं पुन्हा लावला, पुन्हा लावला. कारखान्यात पाळी सुरू झाली की फोन बाहेर जमा करावे लागत, ते तिला ठाऊक होतं. रागावून दोष द्यायचा तरी कोणाला? सांगणारी त्याच दुकानातली आणि ऐकणाराही त्याच दुकानातला. मग तिनं निरोप लिहून पाठवला. 'लवकर ये. बाबांचं काही खरं नाही.' बाकीचं समोरासमोर सांगू, असं तिनं ठरवलं. लिहून पुन्हा तोच घोटाळा नको.

संध्याकाळच्या आत खुर्ची झाली. मावशीनं तळवा ठेवला, आणि या वेळी टाचणीनं विचारलं, "पुरे?" मावशी म्हणाली, "मला विचारशील तर छान आहे." वाळूचं पोतं काही तिनं आणलं नाही. दोघींनी मिळून बाबांना उचललं आणि आईच्या खुर्चीत ठेवलं. बाबांनी हाताच्या कठड्यावरून डावा हात फिरवला. डावा पाय जमिनीला रेटला. खुर्ची मागे गेली, पुढे आली, कण्हली नाही की कुरकुरली नाही. त्यांनी पुन्हा रेटा दिला. जन्मभर दुसऱ्यांच्या खुर्च्या झुलवणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा झुलत होता. टाचणी शेजारी जमिनीवर बसली आणि उठलीच नाही. ते तिच्याकडे बघायचे, ती आहे ना याची खात्री करायचे आणि डोळे मिटायचे. वाटीभर पेज संपली. आणखी अर्धी वाटी संपली.

दुसऱ्या दिवशी ऊन खोलीत यायच्या सुमाराला ते गेले. झुलता झुलता पाय थांबला, एवढंच. आदल्या दिवसापासून ते एक अक्षर बोलले नव्हते. बोलायची गरज उरली नव्हती की तो शब्दही शेवटी हातचा गेला होता, ते टाचणीला कळलं नाही. आधीच्या सगळ्या "बस" मधले खरे 'पुरे' किती आणि 'ये, बस' किती, हेही आता कळण्यातलं नव्हतं. एखादा तरी खरा 'पुरे' असेल, असं ती मनाला समजावत होती.

दादा पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. माणसं येऊन, हळहळून, पांगली होती. तो खोलीच्या उंबऱ्यावर उभा राहिला, पिशवी खांद्यालाच. "फोन पाहिला तेव्हा उशीर झाला होता," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "शेवटी माझ्याबद्दल... म्हणजे त्यांना बोलता येत नव्हतं, ठाऊक आहे. पण राग होता का गं?"

टाचणीला वाटलं, नाही म्हणावं आणि मोकळं व्हावं. रागाची समजूत घेऊन तो इतके दिवस जगलाच होता. खरं सांगितलं तर राग जाईल, पण त्याच्या जागी जे येईल ते रागाहून जड. ते किती जड आहे, हे तिला कालपासून कळत होतं. पण बाबांनी मान उचलून, शीर ताणून ते एवढं सांगितलं होतं. ते आता तिच्याशिवाय कोण पोचवणार?

"दादा, त्या दिवशी ते तुला 'खाली बस' म्हणाले होते," ती हळूच म्हणाली. "'माझ्याजवळ बस.' पुरे नाही. मलाही रोज तेच म्हणत होते. आपल्या दोघांनाही ते कळलं नाही."

दादाचे ओठ हलले. तो शब्द तो मनातल्या मनात दोन्ही तऱ्हांनी म्हणून बघत होता, हे तिला स्पष्ट दिसलं. मग त्याची पिशवी खांद्यावरून घसरून खाली पडली.

"दोनदा म्हणाले गं," तो म्हणाला. "दोनदा. आणि मी पाणीसुद्धा न पिता गेलो."

तो खोलीत आला. पलंगाकडे पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि कुठे बसावं हे न कळणाऱ्या नवख्या माणसासारखा मध्येच उभा राहिला. मग खुर्चीच्या पायाशी जमिनीवर टेकला आणि वर बघून तिला विचारलं, "इथे?"

"हो," टाचणी म्हणाली. "इथेच."